आरावरचा स्वयंपाक: पन्हाळ्यावरच्या थंडीत एका जाळावर दिवस कसा काढायचा

दिवाळी झाली की पन्हाळ्यावर वारं बदलतं. पावसाळाभर पश्चिमेकडून धुकं घेऊन येणारा वारा थांबतो, आभाळ निवळतं आणि रात्री जमीन झपाट्यानं गार पडायला लागते. कोल्हापूर इथून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. पण शहर साधारण अठराशे फुटांवर आणि गड तीन हजाराच्या वर. खाली अजून पंखे चालू असतात तेव्हा आमच्या गल्लीत संध्याकाळी सातलाच दारं लागलेली असतात. शनिवार-रविवारी पर्यटकांची ये-जा असते. सोमवारी सकाळी मात्र एखादी एसटी घाट चढताना दूरवरून ऐकू येते, एवढी शांतता.

आम्ही शहरातून इथं राहायला आलो त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात मी दिवसातून चार वेळा चूल पेटवत होते: पाण्याला एकदा, भाकरीला एकदा, कालवणाला एकदा आणि रात्री दुधाला एकदा. डिसेंबर संपायच्या आत जळण संपलं. तेव्हा शेजारच्या आक्का परड्यातूनच म्हणाल्या, "अगं, जाळ काढलास, आता त्या आरावर काय तरी ठेव की. मोकळा का सोडतीस?" आर म्हणजे जाळ ओसरल्यावर उरलेले लालबुंद निखारे. त्यांच्या त्या एका वाक्यावर माझा हिवाळ्यातला सगळा स्वयंपाक उभा आहे. सकाळी एकदाच पेटवायचं आणि विस्तव जसजसा उतरत जाईल तसतसं त्याला पेलेल ते शिजवायचं. आधी जाळावरचं, मग आरावरचं, शेवटी राखेतलं.

थंडी पडायच्या आधी

जळण नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरा. गडावर पाऊस भरपूर, त्यामुळे लाकडात ओल मुरलेली असते आणि ओलं लाकूड ऊब कमी, धूरच जास्त देतं. लाकडं थेट जमिनीवर रचू नका. खाली विटा मांडा, थरांत वारा खेळेल अशी फट ठेवा आणि दोन आठवडे ऊन दाखवा. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं ठणठणीत वाजतं, ओलं भदभदतं.

तीन तऱ्हेचं जळण हवं. पेटवायला उसाची वाळलेली चिपाडं, आर पाडायला बाभळीची लाकडं आणि तो आर धरून ठेवायला शेणी, म्हणजे गोवऱ्या. चिपाड भडकतं आणि दोन मिनिटांत संपतं, बाभूळ सावकाश पेटते पण तिचा निखारा टिकतो, शेणी तासन्‌तास धुमसत राहते. हा फरक हाताला कळला की अर्धं काम झालं. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे चुलीत घालू नका. त्यांचा धूर अन्नाला लागतो आणि छातीलाही. गडाच्या उतारावरची झाडंही तोडू नका. वखारीतून विकत घ्या.

साठवणीचं धान्य फार नको: ज्वारी, थोडी बाजरी, दोन किलो हुलगे (कुळीथ), नाचणी, पांढरे तीळ. साठवण कशी करावी हे बघायचं असेल तर एकदा गडावरच्या अंबरखान्यात जाऊन उभं राहा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, जाडजूड भिंती, आणि धान्य ओतायला वर ठेवलेली तोंडं. १६६० साली सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला आणि शिवाजी महाराज जुलैमधल्या पावसाळी रात्री विशाळगडाकडे निसटले. तोवर कित्येक महिने गड वेढ्यात होता. ते धान्य कोरडं राहिलं नसतं तर? दर पावसाळ्यात माझ्या डब्यांना ओल लागते तेव्हा मला हाच विचार येतो. घरी करायचं ते साधं आहे. डबे भिंतीला चिकटवून ठेवू नका, फळीवर ठेवा, आणि धान्य ऊन देऊन पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम धान्य भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि मग टोके.

गूळ मात्र हिवाळ्यातच घ्या, कारण तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात. शक्य असेल तर गुऱ्हाळावर स्वतः जा. काहिलीत रस उकळत असतो, मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस त्यात घालतात आणि झाऱ्यानं मळी काढत राहतात. दुकानात पिवळाधमक गूळ पुढं करतील. तुम्ही तपकिरी मागा. दिसायला डावा, पण उसाची चव त्यातच. बरोबर काकवीची एक बाटली आणा. गरम भाकरी, तूप आणि काकवी एवढ्यावर पोरांची न्याहारी होते.

पहिला जाळ बंबाला

बंब असेल तर दिवस त्याच्यापासून सुरू करा. तांब्याच्या बंबात मधोमध नळी असते, तिच्यात जाळ आणि भोवती पाणी. म्हणून थोड्या जळणात पाणी लवकर तापतं. एक नियम मात्र मोडू नका: आधी पाणी, मग जाळ. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी पडतं, म्हणजे तेवढीच भर परत आत जाते आणि बंब कधी रिता होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा बाहेरून चिंच आणि मीठ लावून घासा.

बंबातले निखारे पाणी तापल्यावर तसेच विझू देऊ नका. चिमट्यानं, लोखंडी घमेल्यात घेऊन चुलीत आणा, वर दोन चिपाडं आणि मग बाभूळ. फुकणीच्या चार फुंकरांत चूल पेटते. चुलीचं तोंड दाराच्या समोर नको. गडावरचा वारा सरळ आत शिरतो, जाळ मागं फेकतो आणि भांड्याची एकच बाजू तापते. आमची चूल मी यासाठी दोनदा पाडून पुन्हा घातली आहे.

जाळावर: भाकरी, झुणका, खर्डा

भाकरीला खणखणीत जाळ लागतो, म्हणून तिचा नंबर पहिला. थंडीत पीठ इतकं गार असतं की साध्या पाण्यात मळलं तर भाकरी कडेला चिरते. दळून बरेच दिवस झाले असतील तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग तर विचारूच नका. उपाय एकच, उकळतं पाणी. परातीत दोन वाट्या ज्वारीचं पीठ आणि चिमूटभर मीठ घ्या, मध्ये खळगा करा, त्यात साधारण वाटीभर उकळतं पाणी ओता आणि उलथन्यानं कालवून दोन मिनिटं झाकून ठेवा. मग हाताला सोसवेल तसं, लागेल तसा गार पाण्याचा हात घेत तळहाताच्या टाचेनं मळा. एका वेळी एकाच भाकरीचं मळा. सगळं पीठ मळून ठेवलं तर शेवटच्या भाकरीपर्यंत ते सैल पडतं.

थापलेली भाकरी तव्यात टाकली की पीठ लागलेली बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळलं की तडे गेलेच. दुसरी बाजू नीट भाजू द्या आणि मग तवा बाजूला करून भाकरी चुलीच्या तोंडाशी, आराला टेकवून उभी करा. आधी एका कडेला फुगा येतो, तो सरकत सरकत मध्यावर येतो आणि पापुद्रा सुटतो. त्या वेळी जो वास येतो तो गॅसवरच्या भाकरीला नाही. भाकऱ्या बुट्टीत फडक्यावर उभ्या ठेवा. एकीवर एक गरम रचल्या तर खालची घामेजून चिकट होते.

भाकरी तव्यात असताना शेजारचा वैल, म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं तोंड, मोकळा ठेवू नका. तिथं झुणका होतो. चार जणांना हे प्रमाण पुरतं: एक वाटी हरभरा डाळीचं पीठ, दोन मोठे कांदे उभे चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, अर्धी पळी तेल, दीड चमचा कांदा-लसूण चटणी, हळद, मीठ. कढईत मोहरी-जिरं तडतडलं की लसूण लाल करा, कांदा घालून मऊ होऊ द्या, चटणी तेलात परता. चटणी आधी तेलात सुटली तरच रंग येतो. मग एक वाटी पाणी घाला आणि खळखळ उकळी आली की डाव्या हातानं पीठ भुरभुरत उजव्या हातानं हलवा. गोळा घट्ट वाटेल, तसाच हवा. झाकण ठेवून, वैलावरच्या मंद धगीवर सात-आठ मिनिटं वाफ काढा. मध्ये एकदा उलथन्यानं तळ खरवडून घ्या. तो तांबूस खरपूस थर कुणाच्या ताटात जातो यावर आमच्याकडे भांडणं होतात. पीठ कच्चं राहिलं तर झुणका जिभेला चिकटतो आणि दुपारी पोट जड होतं, म्हणून वाफेत घाई करू नका.

शेवटची भाकरी निघाली की तवा तापलेलाच असतो. त्याच्यावर चमचाभर तेल, मूठभर हिरव्या मिरच्या, अर्धी मूठ लसूण आणि थोडे शेंगदाणे टाका. मिरच्यांवर पांढरे-काळे डाग पडले की जाडं मीठ घाला आणि पितळी तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडा. मिक्सरमध्ये घातलात तर चटणी होईल, खर्डा होणार नाही. त्यात मिरचीची साल थोडी दाताखाली यायला हवी.

आरावर: अळणी आणि पांढरा रस्सा

पुढचं काम माझ्या सगळ्यात आवडीचं. भाकऱ्या होईपर्यंत बाभळीचा लाल आर पडलेला असतो. आता लाकूड घालू नका. दोन शेणी कडेला लावा आणि मटणाचं पातेलं चढवा.

अर्धा किलो मटण, नळीची हाडं हवीतच. थोड्या तुपात आलं-लसणाचं वाटण परता, मटण घाला, मीठ घाला, झाकणात पाणी ठेवून मटणाचं स्वतःचं पाणी सुटू द्या. मग झाकणावरचं तेच गरम पाणी आत सोडा आणि आणखी दीड लिटर कढत पाणी घाला. मटणात गार पाणी कधीच नको, मांस आखडतं. पांढरा रस्सा करायचा असेल तर हळद घालू नका. वर फेस येईल तो काढत राहा. आरावर हे दीड ते दोन तास हळूहळू शिजतं. उकळी फुटायला नको, पाणी नुसतं हलत राहायला हवं. इतक्या उंचीवर पाणी शंभर नव्हे, सत्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं आणि गार वारा भांड्याची धग ओढून नेतो. म्हणून शहरातल्या अंदाजापेक्षा थोडा जास्त वेळ धरा आणि झाकण काढून वारंवार डोकावू नका. जे पाणी तयार होतं ते अळणी. घरात कुणाला सर्दी-पडसं असेल तर त्यातलीच एक वाटी मिरपूड घालून आधी त्याला द्या.

पांढऱ्या रश्श्यासाठी एका नारळाचं घट्ट आणि पातळ दूध वेगवेगळं काढा. एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, आठ-दहा काजू भिजवून अगदी गंधासारखं वाटा. तुपात दालचिनी, चार लवंगा, आठ मिरी दाणे, दोन वेलदोडे आणि दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून घाला, त्यावर वाटण मंद धगीवर परता. रंग बदलू द्यायचा नाही, कच्चा वास तेवढा जायला हवा. मग गाळलेली अळणी पळी-पळीनं घाला, नंतर पातळ दूध, आणि दहा मिनिटं मंद शिजवा. पातेलं आरावरून खाली उतरवल्यावर घट्ट दूध घाला आणि ढवळत राहा. इथं नवखे चुकतात. घट्ट दूध घातल्यावर उकळी आली की रस्सा फाटतो, तेल वर आणि चोथा खाली, आणि फाटलेला रस्सा परत जुळत नाही. पुन्हा गरम करायची वेळ आली तर पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा.

तांबड्याचं इतकं नाजूक नाही. त्याच अळणीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चटणी घालून चांगली उकळी काढली की झाला. मटण न खाणाऱ्या घरात हुलगे रात्री भिजवून याच आरावर शिजवा. त्यांचं काढलेलं पाणी, म्हणजे कट, लसणाची फोडणी आणि आमसूल घालून प्या. ऊब तितकीच येते.

शहरात, गॅसवर करणार असाल तर सगळ्यात लहान बर्नर घ्या, त्यावर जाड लोखंडी तवा आणि तव्यावर पातेलं. आर नाही, पण धग पसरते आणि तळ लागत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हाच आर मिसळीच्या भाजीला वापरा. ओला हरभरा, वरणा, वांगी, गाजर, बोरं, उसाची पेरं, तिळकूट आणि शेंगदाण्याचं कूट. भाजीला पाणी नको, झाकणावर पाणी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं जुनी माणसं उगीच म्हणत नव्हती. तीळ, बाजरी, लोणी, सगळं या थंडीला हवं तेच आहे.

दही लागत नाही तेव्हा

पन्हाळ्यावर झुणका-भाकरीसोबत गाडग्यातलं घट्ट दही मिळतं आणि लोक घरी तसं करायला जातात, पण थंडीत ते पाणीच राहतं. दोष दुधाचा नसतो. विरजण गारठ्यात काम करत नाही. एक लिटर दूध तापवून, बोट घालून दहा आकडे मोजता येतील इतकं निवू द्या. उन्हाळ्यात एक चमचा विरजण पुरतं, आता दोन घ्या. मातीचं गाडगं गरम पाण्यानं विसळून कोमट करा, नाहीतर गार मातीच दुधाची ऊब पिऊन टाकते. लावून झालं की घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळून चुलीपासून हातभर अंतरावर ठेवा, वैलावर नव्हे. दहा-बारा तास लागतील. सकाळी लागलं नसेल तर ढवळू नका. गाडगं कोमट पाण्यात दोन तास बसवा.

रात्री: माडगं, वाकळ आणि राख

संध्याकाळी शेणीच्या उरलेल्या धगीवर हुलग्याचं माडगं करा. हुलगे आधीच तव्यावर मंद आचेवर भाजून, भरडून, सुपात पाखडून साल काढा आणि बारीक दळून आणा. हे पीठ महिनाभर टिकतं. चौघांसाठी चार मोठे चमचे पीठ एका वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. तीन वाट्या पाण्यात अर्धी वाटी चिरलेला गूळ, अर्धा चमचा सुंठ आणि मिठाची कणी घालून उकळा आणि पीठ धारेनं सोडत हलवत राहा. दहा मिनिटांत ते चकाकायला लागतं आणि पळीला पातळ थर धरतं. दूध हवं तर ज्याच्या त्याच्या वाटीत, वरून. गूळ उकळत असताना घातलं तर दूध नासतं. जास्त झालं तर सकाळी त्याची लापशीसारखी थापी होते, तीही पोरं खातात.

झोपायला वाकळ, म्हणजे गोधडी, अंगालगत आणि घोंगडं वर घ्या. घोंगड्याची लोकर अंगाला टोचते आणि वाऱ्याला अडवते ती वर असली तरच. घोंगडं गरम पाण्यात किंवा मशीनमध्ये धुऊ नका, आटतं. आठवड्याला ऊन द्या आणि झटका. पायाला गारठा लागत असेल तर चुलीशेजारी तापलेली वीट जुन्या कापडाच्या दोन घड्यांत गुंडाळून निजायच्या आधी अंथरुणात ठेवा आणि पाय टाकताना काढून घ्या.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत नेऊ नका. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री मी ती नेली, खिडक्या घट्ट लावल्या. धूर नव्हता म्हणून निर्धास्त होते. तासाभरात डोकं जड झालं, मुलगी उलटी होतेय म्हणाली, आणि सासूबाईंनी उठून दार सताड उघडलं म्हणून आम्ही सगळे आज आहोत. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. धूर दिसत नाही याचा अर्थ धोका नाही असा मुळीच नाही. शेगडी पडवीत ठेवा, तिथं बसून शेका आणि आत जाताना ती बाहेरच ठेवा.

चुलीतला शेवटचा आर मात्र विझवू नका. मधोमध गोळा करून त्यात दोन वांगी किंवा एक कांदा खुपसा, वर राख ओढा आणि तिच्यावर एक शेणी ठेवा. धुराड्याची वाट मोकळी आहे ना, आणि भोवती हातभर जागेत चिपाड किंवा फडकं पडलेलं नाही ना, हे बघूनच दिवा मालवा. पहाटे राख हलक्या हातानं बाजूला केलीत तर खाली सुपारीएवढे दोन-तीन लाल निखारे सापडतील. त्यांच्यावर मूठभर चुरगाळलेलं चिपाड ठेवा, फुकणी धरा, आणि आदल्या रात्रीची वांगी साल काढून, दही-मीठ घालून भाकरीबरोबर वाढा.